आजरा घनसाळ, थेट बचत गटाच्या मावशींकडून

मागच्या वर्षी शहरातल्या एका दुकानातून घनसाळ तांदूळ म्हणून जो आणला होता त्याला ना वास ना चव, नुसता पांढरा भात, म्हणून यंदा गावी जाताना मुद्दाम कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याला उतरून बचत गटाच्या मावशींकडूनच १० किलो घेतला. घरी पिशवी सोडली तिथेच फरक कळला. बुटका, बारीक दाणा आणि शिजताना वास पार जिन्यापर्यंत, शेजारच्या काकू विचारत आल्या आज काय केलंय म्हणून!

मावशींनी आधीच सांगितलेलं, "नवा तांदूळ हाय ताई, पाणी बेतानं घाला, न्हाईतर गिच्च हुतंय." तसंच केलं, वर मेतकूट आणि घरचं तूप, पोरांनी दोनदा मागून खाल्ला. निवडायला मात्र थोडा वेळ लागतो, अधूनमधून साळ सापडते, पण पॉलिश केलेला नाही हे हाताला लगेच जाणवतं.

दर कोलमपेक्षा जास्त आहे, पण प्लीज घासाघीस करू नका. हे पीक उंच वाढतं, वारा-पाऊस आला की आडवं होतं, उतारा पण कमी, त्यामुळे बरेच शेतकरी संकरित भाताकडे वळतात. २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते चांगलंच झालं, पण पैसे पेरणाऱ्याच्या हातात पडले तरच हे बियाणं शेतात टिकणार ना. मी पुढच्या हंगामाचे २० किलो आत्ताच सांगून ठेवलेत, बहिणीचे वेगळे.