विडी घरकुलातलं चष्म्याचं दुकान : आधी विडी वळून दाखवा, मग नंबर

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगार बायकांच्या वसाहतीत, एक छोटंसं चष्म्याचं दुकान आहे, बऱ्याच दिवसांपासून त्याच्याबद्दल लिहायचं होतं. दुकानवाले सर मूळचे केरळचे, इथं त्यांचं नातेवाईक कोणी नाही, मराठी मोडकंतोडकं, पण तेलुगू मात्र आमच्या बायकांत बसून बसून शिकले. सुरुवातीला सगळे येडा म्हणायचे कारण दुकानात खुर्चीच नाही! खाली बसवतात, मांडीवर सूप देतात, तेंदूपान कात्री दोरा सगळं देतात आणि म्हणतात वळा विडी, आणि बाई वळायला लागली की समोर बसून टेपनं डोळ्यापासून हातापर्यंत अंतर मोजतात. अक्षरांचा तक्ता आहे पण तो कोपऱ्यात, वाचता न येणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग.

माझ्या आईनं बाजारातला तयार अडीचचा चष्मा घेतला होता. सरांनी समजावलं की लांबचा नंबर नसेल आणि वय झालं असेल तर अडीचनं साधारण 40 सेंटीमीटरवरचं स्पष्ट दिसतं, आणि आईचे हात होते 50 वर, म्हणजे तिला दोनच पुरे. त्या अडीचपायी ती दिवसभर सुपावर वाकून बसायची, मान धरायची, रात्री मलम चोळायला मी. आता ताठ बसून वळते आणि कारखान्यातनं विड्या परत यायचं पण कमी झालंय.

गल्लीत तर लई फरक पडला. दोरा दिसत नाही म्हणून आया शाळेतनं आलेल्या पोरींना गाठी मारायला बसवायच्या, ते बऱ्याच घरांत थांबलं, पोरी संध्याकाळी अभ्यासाला बसतात. मला विचाराल तर हे सगळ्यात मोठं काम.

मोतीबिंदू वाटला तर चष्मा विकतच नाहीत, चिठ्ठी लिहून सिव्हिलला पाठवतात. शुगर वाढलेली असेल तर आधी ती आटोक्यात आणा म्हणतात कारण शुगर वरखाली झाली की नंबर पण बदलतो. शेजारच्या काकू यावरून भांडल्या होत्या, पण सर हटले नाहीत, आणि बरोबरच केलं त्यांनी.

फ्रेम मोजक्याच आहेत, स्टायलिश काही मिळणार नाही. काचा शहरातनं बनून येतात, आठवडा धरून चाला. दुपारी बंद असतं, संध्याकाळी गर्दी, सकाळी जा. पैसे पगार झाल्यावर दिले तरी चालतात.

भाऊ टॉवेलच्या लूमवर आहे, त्याला पण चष्मा पाहिजे, तर सरांनी परत पाठवलं की तुटलेला धागा किती लांबून बघतोस ते मोजून ये. शनिवारी टेप घेऊन कारखान्यात गेला, मोजून आणलं, आता चष्मा पुढच्या आठवड्यात मिळेल, कसा निघाला ते इथंच टाकते. पाचपैकी पाच.