पंचावन्नच्या आधी पेन्शन हातात देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा

इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या माणसांसाठी हे लिहितोय. इथे पेन्शनचे पैसे वयाच्या पंचावन्नच्या आधी सहसा काढता येत नाहीत. 2012 साली मी 47 वर्षांचा होतो. कारखान्यात रात्रपाळी करायचो, घराचे हप्ते थकले होते, आणि जुन्या कंपनीच्या पेन्शन योजनेत माझे 62,000 पौंड होते. एका ओळखीच्या घरी गणपतीच्या आरतीला एक गृहस्थ भेटले. मराठीच. "दादा, पैसा तुमचा आहे, मग पंचावन्नपर्यंत कशाला थांबायचं?" म्हणाले. त्यांच्या योजनेत पैसे वळवायचे, त्यातले 18,600 मला 'कर्ज' म्हणून मिळणार, ते कधी फेडावं लागणार नाही. उरलेले परदेशातल्या हॉटेलच्या खोल्यांमध्ये गुंतवणार.

मी कागद मागितले नाहीत असं नाही. त्यांनी एचएमआरसीचा, म्हणजे कर खात्याचा, नोंदणी क्रमांक दाखवला आणि माझी शंका फिटली. पुढे कळलं की त्या काळी ऑनलाइन फॉर्म भरला की योजनेची नोंदणी होऊन जायची. 2013 च्या ऑक्टोबरपासून तपासणी कडक झाली. नोंदणी म्हणजे सरकारने योजनेची हमी घेतली, हा माझा समज होता आणि त्यांना तेवढाच पुरला.

सह्यांचा दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. शुक्रवारची दुपार, मी रात्रपाळी करून झोपलेलो. बेल वाजली म्हणून उठलो तर कुरिअरवाला दारात, गाडीचं इंजिन चालूच. सही करायच्या प्रत्येक जागी पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. बायको आतून म्हणाली, "उद्या नीट वाचून दे ना." तो म्हणाला, आत्ताच न्यायचेत. चपलांच्या कपाटावर कागद ठेवून मी उभ्या उभ्या सह्या केल्या.

18,600 तीन आठवड्यांत आले. 2015 मध्ये कर खात्याचं पत्र आलं: पंचावन्नच्या आधी घेतलेली ही रक्कम बेकायदा ठरते, त्यावर 40 टक्के कर आणि 15 टक्के अधिभार, एकूण 10,230 पौंड भरा. हॉटेलच्या खोल्यांचं विचारायला फोन केला तर नंबर बंद.

सॉलिसिटरमार्फत लंडनला एका बॅरिस्टरबाईंना भेटलो. आर्थिक गुन्हे आणि पेन्शनच्या केसेस हेच त्यांचं काम. त्यांनी फाइल उघडली, पान उलटलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. या व्यवहारातून मला रोख रक्कम मिळणार नाही, असं तिथे लिहिलं होतं. खाली माझी सही. "ही वाचली होती?" मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, मग हेच आधी सांगायचं, लपवायचं नाही. त्या लोकांनी हे वाक्य स्वतःच्या बचावासाठीच घातलं होतं.

त्यांनी मला फार स्पष्ट सांगितलं. 40 टक्के कर सुटत नाही, फसवणूक झाली असली तरी. 15 टक्क्यांचा अधिभार मात्र तो लावणं न्याय्य नसेल तर माफ होऊ शकतो, तसा अर्ज करता येतो. माझे 2,790 पौंड त्यामुळे वाचले, 7,440 भरावेच लागले. फौजदारी खटला पेन्शन रेग्युलेटर, म्हणजे पेन्शन योजनांवर देखरेख करणारी संस्था, चालवू शकते. तिथे आपण फक्त साक्षीदार, सरकारी बाजूचा बॅरिस्टर आपला वकील नसतो. दुसऱ्या एका प्रकरणात 245 जणांचे 1 कोटी 37 लाख पौंड गेले. 2022 मध्ये साउथवर्क क्राउन कोर्टाने त्यातल्या दोन विश्वस्तांना 5 वर्षं 7 महिने आणि 4 वर्षं 8 महिने कैद दिली. पण कैदेमुळे माणसाच्या खात्यात पैसे येत नाहीत. त्यासाठी फ्रॉड कॉम्पेन्सेशन फंड, म्हणजे फसवणुकीत पैसे गेलेल्या पेन्शन योजनांना भरपाई देणारा निधी, आहे. आमच्यासारख्या फसव्या योजनाही त्यात बसू शकतात, हे हायकोर्टाने 2020 मध्ये मान्य केलं. आमच्या योजनेवर नवे विश्वस्त आले, दावा त्यांनी केलाय. भरपाई योजनेला मिळते, थेट मला नाही.

आता नियम बदललेत. 9 जानेवारी 2019 पासून, तुम्ही विचारणा केलेली नसताना पेन्शनबद्दल फोन करणं बेकायदा आहे, त्यामुळे असा फोन आला की लगेच ठेवून द्या. 30 नोव्हेंबर 2021 पासून धोक्याची ठळक खूण दिसली तर तुमची जुनी योजना पैसे वळवायला नकार देऊ शकते. तसं झालं तर तिच्याशी भांडू नका, तिने तुम्हाला वाचवलेलं असतं. गंभीर आजारपण सोडलं तर पंचावन्नच्या आत पैसे काढायचा सरळ मार्ग बहुतेकांना नाहीच, आणि 6 एप्रिल 2028 पासून ते वय 57 होणार आहे.

मागच्या महिन्यात एकाचा फोन आला. बुडालेली पेन्शन परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा, म्हणाला. माझी रक्कम त्याने मला न विचारताच सांगितली. बरोबर 62,000.