जुना पादरा रोडच्या आतलं कोपऱ्यावरचं इटालियन: गोंगाट भरपूर, पण साधं मागवा आणि बघा

बडोद्यात पिझ्झा-पास्ता आता गल्लोगल्ली मिळतो, पण बहुतेक ठिकाणी पिझ्झा म्हणजे बेकरीतला तयार बेस, त्यावर गोडसर सॉस आणि चीजचा जाड थर, आणि पास्ता म्हणजे मैद्याच्या व्हाइट सॉसमध्ये बुडवलेली पेने, वरून स्वीट कॉर्न. ते वाईट असतं असं मी म्हणत नाही, कॉलेजात असताना फतेगंजला आम्ही सगळ्यांनी तेच आवडीनं खाल्लंय. पण जुन्या पादरा रोडवरून दिवाळीपुऱ्याच्या बाजूला आत वळलं की हिरव्या शटरचं जे छोटंसं इटालियन लागतं, आमच्या सोसायटीत सगळे त्याला कोपऱ्यावरचं इटालियन एवढंच म्हणतात, तिथलं काम खरंच वेगळं आहे आणि त्याबद्दल नीट लिहायचं कधीपासून मनात होतं.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकते. मेनूची पहिली दोन पानं डोळे मिटून मागवा आणि शेवटची दोन पानं सोडून द्या. पहिल्या पानांवर चार-पाच जिन्नसांत होणारे पदार्थ आहेत, टोमॅटो, तेल, लसूण, मिरी, रव्याचा पास्ता असे, आणि ते इतके मनापासून केलेले असतात की बडोद्यात दुसरीकडे मला तरी तसे मिळाले नाहीत. शेवटच्या पानांवर पनीर टिक्का लसान्या, मेक्सिकन रिझोटो, चीज बर्स्ट असलं सगळं आहे. गिऱ्हाईक मागतं म्हणून ठेवलंय हे कळतं, धंदा आहे, पण त्या पदार्थांत या किचनचा हात दिसत नाही, सगळ्यांची चव एकच लागते.

पिझ्झापासून सुरू करते कारण गर्दी त्याचीच असते. लाकडाचा ओव्हन आत लपवलेला नाही, टेबलांच्या समोरच आहे, पोरं तिथंच उभी राहून बघत असतात. माझ्या भाच्यानं विचारलं मावशी इतक्यात झाला पण, तर तसंच असतं ते, नेपल्समध्ये अस्सल पिझ्झाचे नियम ठरवणारी संघटना १९८४ मध्ये सुरू झाली, त्यांच्या हिशोबानं ओव्हन ४३० अंशांच्या वर तापलेला हवा आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर यायला हवा. इथं थोडा जास्त वेळ लागतो, दोनेक मिनिटं, पण कडा तशीच फुगते, त्यावर काळे ठिपके येतात, आतून हलकी आणि जाळीदार. पीठ आदल्या दिवशी मळून फ्रिजमध्ये ठेवतात. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२ वर गेला की बाहेर ठेवलेलं पीठ दुपारपर्यंत आंबून बसतं, म्हणून उन्हाळ्यात यीस्ट अगदी चिमूटभर घालतात असं ओव्हनवाल्या दादांनी सांगितलं, हात चालू ठेवूनच सांगत होते, विचारलं की कंटाळत नाहीत हे मला फार आवडलं.

एक सूचना, मधला भाग मऊ आणि ओलसर असतो, तो कच्चा नाही. नेपल्सचा पिझ्झा असाच असतो, काट्या-सुरीनं खा नाहीतर घडी घालून. आमच्या बाजूच्या टेबलावरच्या काकांनी कच्चा म्हणून परत पाठवला, तर वेटरनं एका शब्दानं वाद घातला नाही, आणखी थोडा वेळ भाजून कुरकुरीत करून आणून दिला. तुम्हाला कुरकुरीत आवडत असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, करून देतात.

मार्गेरिता चांगलीच आहे, पण माझी आवडती मारिनारा. हिच्यात चीज नसतंच, टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि ऑलिव्ह तेल, बास. चीज नाही म्हटल्यावर आपल्याकडे लोकांना पैसे वाया गेल्यासारखे वाटतात, वेटर पण दोनदा विचारतो की नक्की ना. पण सॉस शिजवून गोड केलेला नाही, टोमॅटो नुसता कुस्करून मीठ घालून पसरलाय, त्याची आंबट चव सरळ जिभेवर येते, आणि पीठ चांगलं आहे की नाही ते चीज नसलं की लगेच कळतं. इथलं पीठ त्या परीक्षेत पास होतं. वीकेंडला म्हशीच्या दुधाचं मोझरेला ठेवतात, थोडे जास्त पैसे पडतात पण ते घ्याच. इटलीत कंपानिया भागात ते म्हशीच्याच दुधाचं करतात, आणि आपण तर सुरती म्हशीच्या मुलखात राहतो, खेडा-वडोदरा हाच तिचा पट्टा, मग गाईच्या दुधाचं का खायचं.

आता पास्ता, आणि याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथंच या लोकांनी डोकं लावलंय. बडोद्यात शाकाहारी इटालियन म्हटलं की लोक इटलीचे मांसाहारी पदार्थ घेतात, त्यातलं मांस काढतात आणि जागा भरायला मशरूम-कॉर्न टाकतात. इथं उलटं केलंय, इटलीत मुळातच शाकाहारी असलेले पदार्थ शोधून ठेवलेत. उत्तरेकडे पास्त्याच्या पिठात अंडं घालतात, पण दक्षिणेकडे, म्हणजे पुलिया वगैरे भागात, नुसता ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी, त्यातून अंगठ्यानं दाबून कानाच्या पाळीसारखा ओरेकिएत्ते करतात. हे लोक तोच हातानं करतात, त्यामुळे बिनअंड्याचा करायला काही तडजोड करावीच लागत नाही. आणि रवा कुठला, तर आपल्या गुजरातेतल्या भाल भागातला! भालिया गहू, आपली जुनी माणसं ज्याला दाऊदखानी म्हणतात, लाडवासाठी मुद्दाम आणायचा तो, तो ड्युरमच आहे. पावसाच्या मुरलेल्या ओलीवर होतो, पाणी न देता, आणि २०११ मध्ये त्याला जीआय टॅग, म्हणजे त्या भागाचीच खासियत असल्याची सरकारी नोंद, पण मिळाला. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं मग हे आपलंच की." पास्ता चावायला लागतो, गिळगिळीत नाही. हिवाळ्यात त्यात मोहरीचा पाला, लसूण आणि सुकी मिरची घालतात. इटलीत तिथं चिमे दि रापा नावाची कडवट पालेभाजी असते, त्याच घराण्यातली, म्हणून मोहरीचा पाला इतका बसतो. कडू लागतो थोडा, मुलांना आवडणार नाही, मोठ्यांनी सोडू नये.

आलिओ ओलिओ, म्हणजे लसूण-तेलातला पास्ता, मागवलीत तर लसूण बघा, पातळ काप, मंद तेलावर जेमतेम सोनेरी झालेले, अगदी आपल्या आमटीवरच्या लसणीच्या फोडणीसारखा वास येतो. काचो ए पेपे मात्र मला एकदाच नीट मिळालं, बाकी वेळी चीजच्या गुठळ्या झाल्या होत्या. चीज, मिरी आणि पास्ता उकळलेलं पाणी एवढ्यावर तो सॉस बांधायचा असतो, ताट जरा थंड झालं की फुटतो, आणि शनिवारच्या गर्दीत ते सांभाळणं अवघड आहे. गर्दी कमी असेल तेव्हाच मागवा.

चीजवरून आठवलं, हे शाकाहारी लोकांनी नीट वाचा. खरं पार्मिजानो रेज्जानो वासराच्या पोटातल्या रेनेटशिवाय, म्हणजे दुधाचं चीज बांधणाऱ्या विरजणासारख्या द्रव्याशिवाय, करताच येत नाही, त्यांचा नियमच आहे, पेकोरीनो रोमानोलाही कोकराचं रेनेट लागतं. म्हणजे ती शाकाहारी नाहीत. इथं मेनूवर नुसतं पार्मेझान लिहिलंय, मी विचारलं तेव्हा तिथल्या ताईंनी आतून पाकीट आणून दाखवलं, भारतात बनलेलं हार्ड चीज, मायक्रोबियल म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं, हिरवा ठिपका होता. दाखवलं ते उत्तमच केलं, पण मेनूवर एक ओळ लिहायला काय हरकत आहे, प्रत्येक माणूस विचारणार नाही ना. माझी अगदी मनापासून विनंती आहे त्यांना, हे लिहा.

माझी मैत्रीण जैन आहे, हॉटेलात तिची कायम पंचाईत होते, बहुतेक ठिकाणी जैन म्हणजे तोच सॉस आणि लसूण नाही हं असं तोंडी आश्वासन. इथं कांदा-लसणाशिवायचा टोमॅटो सॉस वेगळ्या भांड्यात असतो, तिनं पास्ता उकळायचं पाणी एकच आहे का असं विचारलं तर मुलगा आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, "बेन, पाणी जुदू करी आपीशुं," म्हणजे ताई, पाणी वेगळं करून देऊ. बटाटा चालत नाही म्हणून तिच्यासाठी न्योकी, म्हणजे एरवी बटाट्याचे करतात ते छोटे उकडलेले गोळे, कच्च्या केळ्याचे करतात. जरा चिकट होतात, बटाट्याइतके हलके नाहीत, पण सेज आणि बटरमध्ये परतलेले ते न्योकी तिनं सगळ्यांसोबत एकाच टेबलावर पोटभर खाल्ले, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून मला इतकं बरं वाटलं की त्याच दिवशी ठरवलं याबद्दल लिहायचंच.

रिझोटो, म्हणजे इटालियन मऊ भात, ठीक. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे व्हाइट वाइन नाही, त्याऐवजी शेवटी लिंबू पिळतात, आंबटपणा येतो पण खोली येत नाही. गोडात तिरामिसू बिनअंड्याचं, क्रीम फार आणि कॉफी कमी, साखर पण हात सोडून. पन्ना कोत्ता, म्हणजे क्रीमचं थिजवलेलं गोड, घ्या त्यापेक्षा, जिलेटिन नाही, चायना ग्रासवर लावलेलं असतं त्यामुळे हलत-डुलत नाही, सुरीनं कापल्यासारखं तुटतं, पण वरचा फालशाचा रस उन्हाळ्यात काय लागतो!

जागा लहान आणि आवाज प्रचंड. शनिवारी दहा-बारा जणांची कुटुंबं येतात, आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत, टेबलं जोडली जातात, कोणाचा तरी वाढदिवस असतोच आणि मग स्पीकरवर ते गाणं फुल्ल व्हॉल्यूमवर. मला ती गजबज आवडते, शेजारच्या टेबलावरचे अनोळखी लोक तुमच्या ताटाकडे बघून "आ शुं छे", हे काय आहे, असं विचारतात आणि गप्पा सुरू होतात, हे आपल्या बडोद्यातच होतं. पण शांतपणे बोलायचं असेल, किंवा सोबत ऐकू कमी येणारं वडीलधारं माणूस असेल, तर शनिवारी जाऊच नका. फोनवरच्या बुकिंगचा भरवसा धरू नका, आमचं नाव वहीत सापडलंच नाही आणि सासूबाईंना पाऊण तास बाहेरच्या बाकड्यावर बसावं लागलं. माफी मागितली, ब्रुस्केटाची प्लेट बाहेरच आणून दिली, ते ठीक, पण सत्तरीच्या माणसाला पाऊण तास म्हणजे फार होतो, एक खुर्ची आत काढता आली असती.

बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला होता. तो ग्राहकावर आपोआप लावता येत नाही, २०२२ च्या जुलैमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसं स्पष्ट सांगितलंय. म्हटल्यावर लगेच काढला, तोंड वाकडं न करता, पण लावायचाच कशाला. जीएसटी ५ टक्के बरोबर होता. चार माणसं पोटभर जेवून दोन हजाराच्या आसपास, माझ्या मते वाजवी आहे.

भिंतींवर कोलोसियम आणि व्हेनिसच्या होड्यांचे फोटो आहेत, ते सगळीकडेच असतात. ताईंना मी म्हटलं की इटली बघायला आपल्याला लांब जायची गरज नाही, सयाजीराव महाराजांनी ऑगुस्तो फेलिची नावाचा इटालियन शिल्पकार बडोद्याला आणला होता, त्याची शिल्पं लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये आजही आहेत आणि दरबार हॉलची जमीन व्हेनिसच्या मोझेकची. त्याचे फोटो लावा ना इथं, दांडिया बाजारातले निम्मे मराठी लोक ते बघायला म्हणून येतील. त्या हसल्या, म्हणाल्या बघते. मी पुढच्या वेळी परत विचारणार आहे.

दांडिया बाजाराकडून येणाऱ्यांनी अकोट्याचा सोलर पॅनलवाला पूल ओलांडून यावं, गाडी मेन रोडलाच लावावी, आतल्या गल्लीत जागा नाही आणि शेजारच्या बंगल्यांच्या गेटसमोर लावली तर त्यांना त्रास होतो. मंगळवार-बुधवारी साडेसातच्या आत पोहोचा, ओव्हनसमोरचं टेबल मागा, एक मारिनारा, एक ओरेकिएत्ते आणि जैन कोणी असेल तर केळ्याचे न्योकी, आणि चीज कुठलं ते नक्की विचारा.