मंडळीतला (चर्चमधला) प्रार्थना-सोबती उपक्रम: मनापासून शिफारस

यरुशलेमातले येशूचे शिष्य शौलाला (पूर्वी त्यांचा छळ करणारा, पुढे प्रेषित पौल) घाबरत होते, तेव्हा त्यांच्यातलाच बर्णबा त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला (प्रेषितांची कृत्ये 9:27). देव अशीच माणसे जोडून देतो, आणि दोघातिघांना प्रार्थनेसाठी एकत्र आणणारा हा उपक्रम त्याच वाटेने जातो. आठवड्यातून अर्धा तास पुरतो: आधी ऐकायचे, मग प्रार्थना, शेवटी विनंती तारखेसह वहीत. उत्तर मिळाले की तिथेच नोंद. ती वही अधूनमधून चाळावीच. बिघडते कुठे? ऐकण्याऐवजी उपदेश सुरू होतो, किंवा एकाचे गुपित ‘प्रार्थनेसाठी’ म्हणून बाहेर जाते. हे दुसरे फार वाईट. दुखावलेला माणूस मंडळीच सोडू शकतो. जोड्या चिठ्ठ्या टाकून लावणे ही मोठी उणीव. पाळकांनी दोघांना नीट ओळखूनच जोडावे.