पॅकर्स-मूव्हर्सचा रिव्ह्यू, ९ वर्षांनी
देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला शिफ्ट झालो त्याला ९ वर्षं झाली, रिव्ह्यू आत्ता लिहितोय कारण काल माळ्यावरून त्यांचा एक रिकामा खोका काढला, वर मार्करने आईच्या अक्षरात 'काचेचं आहे, जपून' लिहिलेलं, आई आता नाहीये, बराच वेळ तो मांडीवर घेऊन बसलो. पॅकिंग खरंच मस्त होतं, प्रत्येक ग्लास वेगळा गुंडाळलेला, एकही फुटला नाही. कपाटाचा आरसा मात्र तडकला आणि मी न बघताच डिलिव्हरीच्या कागदावर सही केलेली, क्लेम मिळाला नाही. तुम्ही आधी सगळं उघडून बघा, तुटफूट त्याच कागदावर लिहा, मगच सही करा. तेव्हा वाटलेलं दोनेक वर्षांत परत जाऊ, खोके त्यासाठीच जपून ठेवले होते.