डिग्रीची पार्टी बहिरमच्या जत्रेत: हंडीचं मटण अन् रोडगे

आमची बीएससीची बॅच उन्हाळ्यात पास झाली अन् जो तो निघून गेला, कोणी चाकणला कंपनीत, कोणी नागपूरला क्लासला, दोघं पोलिस भरतीच्या मागे, त्यामुळे पार्टी राहूनच गेली होती. शेवटी डिसेंबरात सगळ्यांचा एक शनिवार-रविवार जुळला. परतवाड्याच्या एखाद्या एसी हॉटेलात बसू असं एक-दोघं म्हणत होते, पण थंडीच्या दिवसात आमच्या भागात बहिरम सोडून दुसरीकडे जेवायला जायचं हे मनाला पटतच नाही.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, अमरावती जिल्ह्यात परतवाडा-बैतूल रोडवर, चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमबुवाचं देऊळ आहे. 20 डिसेंबरच्या आसपास जत्रा भरते ती महिनाभराच्या वर चालते, पलीकडून मध्य प्रदेशातूनही लोक येतात. आधी इथे देवासमोर बोकड कापायचे, ते गाडगेबाबांनी बंद पाडलं. मटण शिजतं ते खाली राहुट्यांमध्ये अन् दुकानांत.

आम्ही बसलो ती राहुटी एक आजी अन् तिचा मुलगा चालवतात. मटण तुमच्यासमोर तोलतात, शिजवायचे पैसे वेगळे. आम्ही आठ जणांत 3 किलो घेतलं, पुरून उरलं. हंडी मातीची, खाली लाकडाचा जाळ, अन् मसाला आजी स्वतः पाट्यावर वाटते, सुकं खोबरं, लसूण, भाजलेला कांदा, तिखट. मी तिथेच चुलीजवळ बसून होतो. वरून पाणी ओतून रस्सा वाढवायचा प्रकार नाही, मंद जाळावर जसं सुटेल तसं. तर्री वर येते, पण घसा जळत नाही, अन् मातीचा जो वास लागतो तो घरच्या कुकरमध्ये कितीही काही करा, येत नाही.

पण माझं मत विचाराल तर रोडगे मटणापेक्षा भारी होते. गव्हाचं जाडसर पीठ, घट्ट मळलेलं, गोळे करून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात टाकलेले, वरून राख. बाहेर काढले की आजीचा मुलगा फडक्यावर झटकून झटकून राख पाडायचा अन् हाताने दाबून फोडायचा, आतून वाफ निघाली की तेवढ्यात तूप. आमच्यात दोघी शाकाहारी होत्या, त्यांना वांग्याची भाजी अन् वरण वेगळ्या चुलीवर वेगळ्या भांड्यात करून दिलं, हे मला फार आवडलं, कारण बऱ्याच ठिकाणी तोच चमचा इकडून तिकडे फिरतो.

वाढताना आजीने विचारलं, "कायची पार्टी हाय बाप्पा?" म्हटलं, आजी, डिग्री झाली आमची. "मंग आता नोकरीले लागले का समदे?" सगळे गप्प. आमच्यातला एक जण घरची संत्र्याची बाग पाहतो, तो म्हणाला आजी, मी वावरातच आहो. आजी म्हणे, "मंग त काई टेन्शनच नाई," अन् त्याच्या पत्रावळीत तुपाची वाटी अख्खी रिकामी केली. त्यानंतर जी बोलणी सुरू झाली ना, कोणाचा पगार किती, कोणाला तिकडे करमत नाही, कोणाच्या घरी लग्नाचं चाललंय, फोनवर सहा महिन्यांत जे कोणी सांगितलं नव्हतं ते सगळं त्या सतरंजीवर निघालं. दोन-अडीच तास कोणी उठा म्हटलं नाही. हॉटेलात जेवण झालं की वेटर बिल आणून ठेवतो, इथे जेवण शिजायलाच दोन तास लागतात, म्हणून बोलायला वेळ मिळतो. दोस्त जमवायचे तर मला हीच जागा पाहिजे.

कमी काय, तर हात धुवायला एकच ड्रम अन् पाणी संपत आलेलं, आजूबाजूला भोंगे जोरात, रविवारी दुपारी गर्दी खूप. गाडी लावायला एकाने मनाला येईल ते पैसे मागितले, तिथे घासाघीस करा.

जाणार असाल तर आधी राहुटीत ऑर्डर द्या, भाव बोलून घ्या, मग दर्शनाला वर जा, खाली येईपर्यंत हंडी होत आलेली असते. शनिवारी सकाळी गेलात तर जास्त बरं. स्वेटर घ्या, संध्याकाळी थंडी लय पडते. अन् रोडगे मोजून सांगू नका, दोन-चार जास्तच सांगा, दुसऱ्या दिवशी कुस्करून दुधात खायला मस्त लागतात.