१३०, १५० की १६८? तांब्याची गोळी घेताना

भाचा गणपतीला गावी आलेला, ओटीवर बसून मोदक हाणता हाणता विचारतो, "मामा, तांब्याची गोळी घ्यायचीय, १३० ग्रेन घेऊ, १५० की १६८?" ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप. तो कॅलिफोर्नियात असतो, .३०८ विंचेस्टर रायफल आहे, हरणाचं लायसन काढलंय आणि पुढेमागे सोडतीत एल्कचा, म्हणजे तिकडच्या भल्यामोठ्या हरणाचा, नंबर लागला तर तेही करायचंय. मी नऊ वर्षं तिकडे काढून दापोलीला परत आलोय, ऑफिसातल्या मित्राबरोबर डोंगर बरेच तुडवलेत म्हणून विचारणा माझ्याकडे.

हे सगळं तिकडचं बरं का. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, घरात शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक असली तरी डुक्कर दिसलं म्हणून परवानगीशिवाय बार टाकायचा नाही. उगाच कोणी डोकं चालवू नका.

शिसं की तांबं हा प्रश्न त्याच्यापुरता मिटलेलाच आहे, कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद. कारण तिथलं काँडोर गिधाड. शिकाऱ्याने टाकलेली आतडी खायची, त्यातल्या शिशाच्या कणांनी मरायची, १९८७ मध्ये रानातलं शेवटचंही पकडून पिंजऱ्यात न्यावं लागलं, तेव्हा जगात सगळी मिळून २७ उरली होती. आपल्याकडची गिधाडं गुरांना टोचायच्या डायक्लोफिनॅक औषधाने गेली, म्हसळ्याजवळ चिरगावला अजून थोडी आहेत, तिकडची शिशाने गेली, एवढाच फरक.

पण बाजूच्या राज्यात दोन्ही चालतात, म्हणून फरक माहीत हवा. आमच्याकडे पागाला, म्हणजे मासे धरायच्या फेकजाळ्याला, शिसं लावतात ते हातोडीने दोरीभोवती ठोकलं की मेणासारखं बसतं. साधी शिशाची गोळी हाडावर आपटली की तशीच मऊ पडते आणि तिचे कण मांसात उडतात. १८० ग्रेनची गोळी, तीसेक टक्के झडली तर आत उरली १२६. तांब्याची १५० ची गोळी पुढून पोकळ असते, चार पाकळ्या उघडतात आणि वजन जवळजवळ सगळं शाबूत राहतं. म्हणजे आत गेल्यावर हलकी गोळीच भारी ठरते! मांस कापताना तर लगेच कळतं, शिशाच्या जखमेभोवती मी ओंजळभर मांस फेकून द्यायचो, तांब्याला तेवढं जात नाही.

मग तांब्यातही १८० च घेऊ ना, वजन असू दे, असं माझंही डोकं चाललं होतं. तिथेच फसलो. शिशाची घनता ११.३४, तांब्याची ८.९६, म्हणजे त्याच वजनाला तांबं पाव हिश्श्याने जास्त जागा खातं, गोळी लांब होते, काडतुसात दारूची जागा अडवते, वेग पडतो, आणि लांब गोळी सरळ फिरायला बॅरलचा पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचं वळण, जलद लागतो. त्यात तांबं कडक, वेग कमी झाला की पाकळ्या उघडतच नाहीत. माझ्या १८० ने ३०० यार्डावरच्या हरणाला पेन्सिलीएवढं भोक इकडून तिकडे पाडलं, हरीण झुडपात पळालं आणि शोधायला दोन तास गेले. चूक गोळीची नाही, माझी.

मग भाच्याला म्हटलं, आता तिन्ही शेजारी ठेव. .३०८ मध्ये १३० निघते साधारण ३००० फूट सेकंदाला, १५० निघते २८०० ने, १६८ निघते २६५० च्या आसपास. हलकी गोळी हवेत लवकर दमते हे खरं, पण सुरुवातच जोरात असल्यामुळे तिघीही २००० वर उतरतात ती ४०० यार्डाच्या आगेमागेच. मी २००० च्या खाली तांब्यावर भरवसा ठेवत नाही, आणि तू ३०० च्या पुढे मारूच नकोस, वारा वाहत असेल तर १३० बाजूला जरा जास्त ढकलली जाते तेही लक्षात ठेव. धक्का मात्र १३० चा सगळ्यात कमी, तुझ्यासारख्या नवख्याला, जो बार काढताना डोळे मिटतो, त्याला हा फायदा लहान नाही.

माझं म्हणणं, नुसतं हरीण आणि रानडुक्कर असेल तर १३० खुशाल घे. एल्कचा नंबर लागेल असं वाटत असेल तर १५०, एकच गोळी दोन्हीकडे चालते आणि रायफल पुन्हा पुन्हा झिरो करावी, म्हणजे नेम जुळवून घ्यावा, लागत नाही. १६८ वाईट नाही, पण .३०८ मध्ये तिच्यामुळे हाताला काय जास्त लागतं ते मला कधी दिसलं नाही, ती मोठ्या काडतुसाच्या रायफलीला शोभते. शिवाय जुनी रायफल असेल, १२ इंचाला एक फेरा अशा मंद पिळाची, तर लांब गोळी आधी १०० यार्डावर कागदावर मारून बघ, भोक गोल न येता लांबट आलं तर ती हवेत डळमळतेय, सोड तिचा नाद.

पैसे? तांबं महाग आहे, बॉक्समागे चांगलंच जाणवतं. म्हणून एकदम तीन वजनं घेऊन बसू नकोस, १५० चा एक बॉक्स घे, नाही जमला तर १३० चा.

आणि गोळी बदलण्याआधी बॅरल साफ कर, शिशाच्या गोळीलाही वरून तांब्याचं आवरण असतंच, त्याचा थर आत बसलेला असतो. तांबं काढायचं सॉल्व्हंट मिळतं, ते लावून चिंधी आरपार ओढली की निळीशार निघते. चिंधी पांढरी निघेपर्यंत ओढत राहा, मगच नवी गोळी भर.